विचारा तर खरं : वाड्याचं पुढं काय झालं?

गेल्या महिन्यात पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा नि मेलचा नुसता पाऊस पडला. त्यामुळे या वेळचं सगळं सदर वाड्यांनाच दिलंय. फराळाचे आणि बागेचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं जरा कापलीत.

प्रश्न : शनिवारवाडा एवढा थोरला असताना दुसऱ्या बाजीरावाला विश्रामबाग वाडा बांधायची काय गरज पडली? नुसती हौस का? (सदाशिव पेठेतून एक वाचक)

हौस होतीच, नाही कशाला म्हणायचं. पण नुसती हौस म्हणून सोडून दिलं तर अर्धीच गोष्ट कळेल. शनिवारवाडा थोरल्या बाजीरावांचा, १७३० च्या १० जानेवारीला पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. तिथून पुढे प्रत्येक पेशव्याने त्यात काही ना काही भर घातली. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या हातात आला तेव्हा तो वाडा जुना झालेला, गर्दीचा, आणि कारभाराचाही अड्डा तोच. त्यात १७७३ साली तिथेच नारायणरावांचा खून झालेला, आणि त्या प्रकरणात नाव कोणाचं तर राघोबांचं, म्हणजे याच बाजीरावाच्या वडिलांचं. त्या भिंतींत रोज रात्री झोपायचं म्हणजे कसं वाटत असेल ते तुम्हीच बघा. या गृहस्थाने पुण्यात एक सोडून तीन वाडे उभे केले, शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग. तिन्हींत आज उभा आहे तो विश्रामबाग एकटाच.

जागा मूळची पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांच्या बागेची. बांधकाम सहाएक वर्षं चाललं, १८०७ च्या सुमाराला पुरं झालं, दोनेक लाख रुपये लागले असं सांगतात. शनिवारवाड्याच्या १६ हजारांशी हे दोन लाख लावून बघू नका हां, मधे पाऊणशे वर्षं गेलीत आणि शनिवारवाड्याचा तो आकडा फक्त सुरुवातीच्या बांधकामाचा आहे. तरीपण खरा फरक पैशात नाहीच. शनिवारवाड्याला तट आहे, बुरूज आहेत, दिल्ली दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे आहेत. विश्रामबागेला यातलं काहीच नाही! थेट रस्त्यावर तोंड, वर लाकडी मेघडंबरी म्हणजे पुढे आलेला कोरीव सज्जा, सगळं लोकांनी बघावं म्हणून. तो किल्लाच नव्हे, तो बंगलाय. लढाई आली तर इथून लढायचं नाहीये हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं असं माझं मत, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला तोफा वाजल्यावर झालंही तसंच.

प्रश्न : इंग्रजांनी पेशवाई घेतली म्हणजे वाडाही घेतला असणार. मग त्यांनी तो पाडला का नाही? आणि आत नेमकं काय काय भरत होतं? आजोबा सांगायचे की ते विश्रामबागेत शाळेला जायचे, वडील सांगायचे की ते तिथे घरपट्टी भरायला जायचे, कोणाचं खरं? (कोथरूड)

दोघांचंही खरं. या वाड्याची हीच तर मजा आहे की तीन पिढ्यांना विचारलं तर तीन वेगळे वाडे ऐकायला मिळतात.

बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेतलं आणि गंगेकाठी बिठूरला जाऊन राहिला तो १८५१ ला मरेपर्यंत. म्हणजे या वाड्यात त्याचं राहणं झालं जेमतेम दहा-अकरा वर्षं. पुढची दोनशे वर्षं वाडा दुसऱ्यांनीच वापरला, आणि आपण मात्र पाटी लावतो पेशव्यांची.

कंपनी सरकारच्या हाती एक तयार, नवीकोरी, भरवस्तीतली इमारत फुकट आली होती, ती पाडायला ते काय वेडे होते? शिवाय एक अडचणीचा विषय होता तो म्हणजे दक्षिणा. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, तिचा बोभाटा हिंदुस्थानभर. ती एकदम बंद करावी तर शहर बिथरणार, चालू ठेवावी तर नव्या सरकारला त्यात काही मिळत नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणाने आणि कमिशनर चॅपलिनच्या हाताने तोडगा निघाला. दक्षिणेतला काही पैसा बाजूला काढून ६ ऑक्टोबर १८२१ ला संस्कृत पाठशाळा उघडली, आणि ती भरवली विश्रामबाग वाड्यात. पेशव्यांचा वाडा, पेशव्यांची दक्षिणा, आत शास्त्री तेच, फक्त सरकार दुसरं, डोकं चाललंय की नाही बघा. सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांनाच होता हेही सांगायला हवं, कारण कार्यक्रमांतल्या भाषणात ते बरेचदा गाळलं जातं.

ही पाठशाळा पुढे इंग्रजी शाळेशी जोडून १८५१ ला पूना कॉलेज झाली, आणि पूना कॉलेजचं झालं डेक्कन कॉलेज, जे १८६८ ला येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेलं. म्हणजे डेक्कन कॉलेजचा जन्म येरवड्याचा नव्हे, तो बाजीराव रोडवरचा, पुणेकरांनासुद्धा हे सांगितलं की भुवया वर जातात.

आणि याच पूना कॉलेजच्या काळातला एक प्रसंग मला या वाड्याच्या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठा वाटतो. १६ नोव्हेंबर १८५२, याच विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुल्यांना महावस्त्र देऊन सत्कार झाला, मुलींच्या शाळांच्या कामासाठी. सत्कार करणारे मेजर कँडी, म्हणजे कॉलेजचे मुख्य आणि मोल्सवर्थसोबत मराठी-इंग्रजी कोशाचं काम केलेले तेच कँडी. जोतीरावांचं वय तेव्हा पंचवीस-सव्वीस. आता जरा जुळवून बघा, पेशवाई बुडून उणीपुरी पस्तीस वर्षं झालेली, ज्यांनी तिथली श्रावणातली दक्षिणा डोळ्यांनी पाहिली असे म्हातारे गावात जिवंत आहेत, आणि त्याच पेशव्याच्या महालात माळ्याच्या पोराच्या अंगावर सरकारी शाल पडतेय आणि तीही कशासाठी तर पोरींना शिकवलं म्हणून. पुण्यात त्या रात्री ओट्या-ओट्यांवर काय काय बोललं गेलं असेल! वाड्यावर यासाठी एक ठळक पाटी हवी असं मी दरवेळी म्हणतो, लोक मान डोलावतात आणि चहाला जातात.

कॉलेज गेल्यावर सरकारी हायस्कूल भरत होतं, तुमच्या आजोबांच्या आधीच्याही पिढ्या तिथे शिकल्यात. विसाव्या शतकात वाडा नगरपालिकेकडे आला. १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हाही कारभार इथूनच चालायचा, नंतर शिवाजीनगरला नवी इमारत झाली आणि मुख्य कचेरी तिकडे गेली. त्यामुळे वडिलांची घरपट्टीही बरोबर. दरबाराच्या दिवाणखान्यात नगरसेवक भांडत होते असं म्हणायला हरकत नाही, आणि खरं सांगू, दरबाराचा तो वापर काही फार वेगळा नव्हता.

प्रश्न : एक साधी शंका. राजवाडा राहण्यासाठी बांधलेला, त्यात शाळा, कचेरी, पोस्ट हे सगळं मावतं कसं? आमच्या सोसायटीत दोन फ्लॅटची भिंत काढायची म्हटलं तर इंजिनिअर नाही म्हणतो. (पिंपरी)

मस्त प्रश्न, आणि याचं उत्तर इतिहासात नाही, सुतारकामात आहे.

वाडा मोजतात तो खणांत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर मातीचा थर देऊन वरच्या मजल्याची जमीन. मजल्याचा भार या सांगाड्यावर. आतल्या भिंती या खांबांच्या मधे नुसत्या भरलेल्या असतात, बऱ्याचदा विटांच्या आणि पातळ, त्यामुळे त्या काढल्या किंवा नव्या घातल्या तरी वरचा मजला हलत नाही. तीन खण मोकळे ठेवले की वर्ग झाला, फळ्या मारल्या की हेडक्लार्कची केबिन झाली. आणि सगळं चौकाभोवती असल्यामुळे उजेड, वारा आणि जायला-यायला ओसरी आपोआप मिळते. शाळेला तेवढंच लागतं, कचेरीलाही तेवढंच. साहेबाला वर दिवाणखाना, जनतेला खाली चौकात रांग, पेशव्यांच्या वेळीही फार निराळं नव्हतं.

पण वाडा हे सगळं सोसतो म्हणून त्याचं काही बिघडत नाही असं समजू नका. लाकडाच्या मजल्यावर लोखंडी कपाटं आणि वीस-वीस वर्षांच्या फायली रचल्या की तुळई मधोमध झोल खाते. माणसं वाढली की संडास-मोरी वाढते, तीही वरच्या मजल्यावर कोपऱ्यात काढलेली, तिचं पाणी झिरपून बरोबर कडीचं टोक जिथे भिंतीत बसलंय तिथे जातं आणि ते टोक आतून कुजतं. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस पाट खाली येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डागडुजी म्हणून चुन्याच्या भिंतीवर केलेलं सिमेंटचं प्लास्टर. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंटने तिचं नाकच दाबलं जातं, ओल आतच राहते आणि विटांचा भुगा होतो. सागवानावर ऑइलपेंट मारणारे महाभाग तर गावोगावी भेटतील, हिरवा नाहीतर चॉकलेटी, रंग दोनच.

प्रश्न : विश्रामबाग आणि बुधवार वाड्याला वासुदेव बळवंत फडक्यांच्या लोकांनी आग लावली असं लहानपणी ऐकलंय. खरं का? (मिरज)

नाही. पण लोकांना तसं का वाटलं ते समजण्यासारखं आहे.

१३ मे १८७९ च्या रात्री दोन्ही वाडे पेटले. बुधवार वाडा तर गेलाच पार, आज तो कुठे होता हे दाखवायला चौकाचं नाव काय ते उरलंय. विश्रामबागेचा काही भाग जळाला, पुढचा भाग वाचला. ते दिवस कसले होते? मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, वासुदेव बळवंतांनी रामोश्यांना घेऊन बंड उभारलेलं, सरकार हादरलेलं, आणि त्यात एकाच रात्री सरकारच्या ताब्यातले पेशव्यांचे दोन वाडे पेटले. इंग्रजी पेपरांनी लगेच बंडखोर म्हणून ओरडा केला, पुण्याच्या पुढाऱ्यांकडेही संशयाने बघितलं गेलं. न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्याला बदली झाली तीही याच महिन्यात आणि याच संशयाच्या वातावरणात.

तपासात निघालं भलतंच. सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्या एका नोकरदाराने हिशोबात अफरातफर केली होती, ती उघडकीला येऊ नये म्हणून त्याने आग लावली. शिक्षाही झाली त्याला. म्हणजे क्रांतीबिंती काही नाही, स्टॉक जुळत नव्हता! पेशव्यांचा एक अख्खा वाडा आणि दुसऱ्याचा तुकडा एका कारकुनी घोटाळ्यापायी गेला. वाड्यात कचेऱ्या भरवायच्या तर त्यांची कुलंगडीही वाड्याच्याच वाट्याला येणार.

चांगली गोष्ट एवढीच की विश्रामबाग जळका म्हणून सोडून दिला नाही. तिथे हायस्कूल भरत होतं, पोरांना बसायला जागा हवी होती, म्हणून दुरुस्ती झाली. तेव्हा तो रिकामा पडलेला असता तर राहिलेले खांब लिलावात गेले असते, सागवानाला गिऱ्हाईक कधीच कमी नसतं.

प्रश्न : शनिवारवाड्यात इंग्रजांच्या वेळी तुरुंग होता हे खरं आहे का? आणि भाजीबाजार भरायचा म्हणे? (एका शाळकरी वाचकाचं पत्र, अक्षर सुंदर)

अक्षराबद्दल शाबासकी आणि दोन्ही गोष्टी खऱ्या.

१७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, ते लावणारा इंग्रजांना मिळालेला बाळाजीपंत नातू, पुण्यात अजून ते नाव घेतलं की तोंड वाकडं करणारे सापडतील. त्यानंतर वाड्यात तुरुंग होता, दवाखाना होता. मग २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली ती आठवडाभर धुमसत राहिली, आतलं सगळं लाकूडकाम गेलं. उरलं काय, तर दगडी तट, दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आणि जोती. मग आत पोलिसांची वस्ती होती आणि नगारखान्यात मॅजिस्ट्रेटची कचेरी. जिथे चौघडा वाजायचा तिथे तारखा पडायला लागल्या.

वाड्यासमोरच्या मैदानात भाजी मंडई भरायची. १८८६ ला रे मार्केटची इमारत उघडली, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, आणि बाजार तिकडे गेला. गंमत अशी की ती इमारत बांधायला विरोध करणाऱ्यांत तेव्हाचे नगरपालिका सदस्य जोतीराव फुलेच होते, त्यांचं म्हणणं हा पैसा शिक्षणाला लावा, आणि आज नाव त्यांचंच आहे. १९१९ ला शनिवारवाडा संरक्षित स्मारक ठरला, खोदाई झाली, मातीखाली गेलेली जोती आणि कारंज्यांचे हौद वर आले. तू बागेत जी दगडी चौकटींची रांग बघतोस ना, ती पेशव्यांच्या महालांची जोती आहेत, तिथे उभं राहून सेल्फी काढायला हरकत नाही पण त्यावर चढू नकोस.

प्रश्न : पेशव्यांचे वाडे सरकारजमा झाले ते समजलं. पण सरदारांचे, सावकारांचे वाडे तर त्यांच्याच घरात राहिले. मग ते का टिकले नाहीत? आमचा स्वतःचा वाडा २००६ साली पाडला, अजून चुटपुट लागते. (नारायण पेठेतल्या एका जुन्या घराण्यातल्या बाई)

ताई, तुमचं पत्र मोठं होतं, सगळं छापता आलं नाही पण दोनदा वाचलं. तुम्ही विचारताय की आम्ही करंटे निघालो का. मला तसं बिलकूल वाटत नाही, आणि का ते सांगतो.

सरदाराचा वाडा चालायचा सरंजामावर, म्हणजे फौज ठेवण्याच्या बदल्यात मिळालेल्या गावांच्या उत्पन्नावर. गावाकडून धान्य यायचं, वसूल यायचा, घोडे-नोकर-आश्रित सगळे त्यावर पोसले जायचे. १८१८ नंतर काहींचे सरंजाम राहिले, काहींचे कमी झाले, पण फौज ठेवायचं कामच संपलं. म्हणजे वाडा पाच चौकांचा आणि मिळकत एका चौकाची. मग ओसरीला लागून खोल्या भाड्याने दिल्या गेल्या, आधी नातेवाईक, मग गावाकडून शिकायला आलेली पोरं, मग बिऱ्हाडं. पुण्याची हुशारी या भाड्याच्या खोल्यांनीच पोसली हो! न्यू इंग्लिश स्कूल २ जानेवारी १८८० ला सुरू झालं ते मोरोबादादांच्या वाड्यात, फर्ग्युसन कॉलेज १८८५ ला सुरू झालं ते गद्रे वाड्यात. टिळक स्वतः विंचूरकर वाड्यात राहत होते, तिथेच सार्वजनिक गणपती बसला, १८९२ ला विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते त्याच वाड्यात. नंतर १९०५ ला टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा घेतला, तिथे केसरीची कचेरी आली, छापखाना आला, आणि गायकवाड वाड्याचा केसरी वाडा झाला. संस्थानिकाचं शहरातलं घर वर्तमानपत्राने विकत घ्यावं, आणि तेही सरकारच्या डोळ्यात खुपणाऱ्या वर्तमानपत्राने, काय जिगर होती.

मग दोन धक्के बसले. पहिला कागदावरचा. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा, त्यात भाडं धरलं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं ते. भाडेकरूंना त्याची गरज होती, लढाईनंतरची महागाई आणि जागेची टंचाई बघता कायदा चुकीचा नव्हता, चुकीचं हे की तो तसाच पन्नास वर्षं ठेवला. दहा-पंधरा रुपये भाडं, कौलं शाकारायचा खर्च हजारांत. मालक म्हणतो मी का करू, भाडेकरू म्हणतो घर तुमचं. दोघांचंही बरोबर आणि पाणी मात्र गळतंय. मुंबईत निदान उपकर घेऊन जुन्या चाळी दुरुस्त करायचं मंडळ तरी झालं, पुण्याच्या वाड्यांना तेही नाही. तोवर मालकाच्या घरात हिस्सेदार तीसच्या वर गेलेले, त्यातले निम्मे अमेरिकेत.

दुसरा धक्का पाण्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरण त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात तास-दोन तास उभ्या राहिल्या की विरघळतात. शनिवार पेठ, नारायण पेठ, कसब्याचा खालचा भाग इथले कितीतरी वाडे त्या एका दिवसात बसले, आणि जे उभे राहिले त्यांची जोती कमकुवत झाली ती कायमची.

त्यानंतर बिल्डर आला आणि मालक-भाडेकरू दोघांनाही पहिल्यांदाच एका बाजूला बसवलं, एकाला पैसे आणि दुसऱ्याला मालकीचा फ्लॅट. अशा वेळी वाडा ठेवा म्हणून सांगणारे आम्ही कोण, आम्हाला थोडंच संडासच्या रांगेत उभं राहावं लागत होतं. तुमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावलाय असं तुम्ही लिहिलंय, तेवढंही पुष्कळांनी केलेलं नाही.

एक मात्र सांगतो जे जरा कडू आहे. सार्वजनिक म्हणवणाऱ्या वाड्यांचीही गत फार बरी नाही. भिडे वाड्याचंच बघा, १८४८ ला फुले दांपत्याने मुलींची पहिली शाळा तिथे काढली, आणि नंतर तिथे दुकानं होती, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. निकाल लागून डिसेंबर २०२३ मध्ये जागा महापालिकेच्या ताब्यात आली तेव्हा इमारत इतकी खिळखिळी झालेली की ती पाडूनच स्मारक करायचं ठरलं. स्मारक होईल, चांगलंही होईल, पण ज्या जिन्याने त्या मुली वर गेल्या तो जिना गेला. तेव्हा तुम्ही स्वतःला एकटीला दोष देऊ नका.

प्रश्न : हे सगळं पुण्याचंच चाललंय! साताऱ्याचा राजवाडा दिसत नाही का तुम्हाला? (सातारा, अर्थातच)

दिसतो दिसतो. पुण्याच्या माणसाला साताऱ्याने टोमणा मारला नाही तर पत्र आल्यासारखं वाटत नाही.

जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या वेळचा, शेजारी नवा. १८४८ ला राज्य खालसा झाल्यावर तिथेही पुण्यासारखंच झालं, सरकारी कामं आणि शाळा. पण साताऱ्याच्या राजवाड्याकडे जी नोंद आहे तिच्यापुढे पुण्याचे सगळे वाडे गप्प बसतील. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव घातलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरमधला नंबर १९१४. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात तो यावरून. छत्रपतींच्या वाड्यात बाबासाहेब शाळेला गेले, यापेक्षा त्या वाड्याचा चांगला वापर कोणी सुचवून दाखवावा. खूश?

प्रश्न : पुढच्या रविवारी मुलांना घेऊन विश्रामबाग वाडा बघायचाय. आत काय बघू, तासाभरात होतं का? (हडपसर)

तासात आरामात होतं. गाडी घेऊन जाऊ नका, लक्ष्मी रोडच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधण्यातच तासभर जाईल. आधी आत घुसू नका, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभे राहा आणि वर बघा. पुढे आलेली ती लाकडी मेघडंबरी, तिचे खांब सुरूच्या झाडासारखे, तळाशी फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले, दोन खांबांमध्ये महिरप. मुलांना सांगा की कोरलेलं केळफूल शोधा, पाच मिनिटं शांततेत जातील.

मग दरवाजातून आत. पोस्टाची खिडकी आहे, तिथून एक पोस्टकार्ड घेऊन मुलांना आजीला लिहायला लावलं तर पोरांनी पोस्ट बघितलं असंही होईल. पुण्याच्या वाढीची माहिती देणारं ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ प्रदर्शन याच वाड्यात मांडलेलं आहे, ते चालू आहे ना आणि वरचा मजला उघडा आहे ना हे मात्र जायच्या आधी विचारून घ्या, डागडुजीसाठी भाग बंद असतात. दिवाणखान्यात गेलात तर जमिनीकडे नाही, छताकडे बघा, तख्तपोशीचं, म्हणजे छताला लावलेल्या लाकडी फळ्यांचं काम तिथे आहे. आणि एखाद्या खांबाला टेकून उभं राहिलात तर हळूच हात फिरवून बघा, मधेच गुळगुळीत लागेल, साधारण आठ-दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याच्या उंचीला. तिथे वर्ग भरायचे.

पुढच्या अंकात फराळाचे प्रश्न नक्की, चकली तेलात का विरघळते यावर अकरा पत्रं आलीत.